आरोहीचं नाव कुणी फोडलं

तुमच्या लेकराचं नाव सगळ्यात आधी कुणाला कळलं होतं? आत्याला, की टी-शर्ट छापणारीला?

खरं सांगा. हल्ली बारशाच्या आठ दिवस आधी नाव मोबाइलवरून जातं, कॉम्प्युटरवर चढतं, कागदावर उतरतं आणि काका, मामा, आजोबा अशा चाळीस जणांच्या छातीसाठी छापून, घडी घालून, पिशवीत जाऊन पडतं. मग आत्या पाळण्यात वाकते, लेकराच्या कानात कुर्रर्र करते आणि लई मोठं गुपित सांगितल्यासारखी मान वर करते. तोवर ते नाव शिळं झालेलं असतं.

हे म्हणणं वनमालाचं. म्हणण्यात खोट नव्हती. खोट पोटात होती.

वनमाला केज तालुक्यातल्या युसूफ वडगावची. वय सेहेचाळीस, चष्मा जाड, जीभ सुईसारखी. नवरा बद्रीनाथ गावातल्या दूध डेअरीवर मापाला असतो. ती घरात बसून बाळंतविडे शिवते. बाळंतविडा काय असतो हे ज्या शिकल्यासवरल्या लोकांना माहीत नसेल, त्यांनी आपल्या आईला विचारावं आणि थोडी लाज बाळगावी. झबलं, टोपडं, लंगोट, दुपटं आणि सगळ्यांत देखणी म्हणजे कुंची, डोक्यावरून पाठीवर सोडायची, कडेला झालर असलेली. वनमाला हे सगळं हातानं शिवते. आतून लावायला त्याच घरातल्या आजीचं वापरून मऊ झालेलं लुगडं मागून आणते. लेकराच्या अंगाला पहिलं कापड नवं लागता कामा नये, हा तिचा हट्ट.

दुसरा हट्ट याहून मोठा. कुंचीच्या काठावर ती चार बोटं जागा कोरी सोडायची. नाव बारशाच्या आधी शिवायचं नाही. बारशाच्या दिवशी पाळण्याशेजारी पाट टाकून, सुईत लाल दोरा ओवून बसायची. आत्यानं कानात नाव सांगितलं, बायकांनी आत्याच्या पाठीत बुक्क्या घातल्या, की आत्या तशीच पाठ चोळत वनमालाकडं यायची आणि तिच्या कानाशी लागायची. मग वनमाला सगळ्यांसमोर नाव शिवायची. शेवटचं अक्षर होऊन कुंची लेकराच्या डोक्यावर चढेपर्यंत पंगत बसायची नाही. पांढऱ्या गाड्यांतून आलेले पुढारी हातातलं घड्याळ बघत उभे राहायचे, पण "चला, उरका" म्हणायची कुणाची छाती नव्हती.

गाव म्हणायचं, ही रीत लई जुनी. कशाची जुनी? वनमालाच्या लग्नाएवढी. तिनंच पाडली होती. ती पाटावर बसायची तेवढी पंधरा मिनिटं सगळं वडगाव तिच्या हाताकडं बघायचं. बाकी वर्षभर तिच्याकडं कोण बघतं? दूधमाप्याची बायको. त्या पंधरा मिनिटांवर ती जगत होती म्हटलं तरी चालेल.

आणि मग भिंतीपलीकडं दिपाली आली.

दिपाली म्हणजे शेजारच्या घरातली सून. वय सत्तावीस. मोबाइलवर बघून बघून टी-शर्ट छापायला शिकली आणि पुढच्या खोलीत मशीन मांडलं. कॉम्प्युटरवर नाव लिहायचं, ते कागदावर छापायचं, कागद टी-शर्टवर ठेवायचा आणि वरून तापलेला पत्रा दाबायचा. मिनिटभरात मशीन टीं टीं करतं, की झालं. 'आत्याची लाडकी'. 'आजोबांचा बॉस'. 'बाळाचा काका, मुलगी बघा'. शिवाय नाव घातलेली उशी, नाव घातलेला मग, नाव घातलेला लेकराचा लाळेरा. दारावर फलक लागला. येता-जाता लोक थांबून फोटो काढायला लागले.

वनमाला भिंतीच्या अलीकडं बसून टीं टीं मोजायची. चौदा. पंधरा. सोळा. एक टोपडं होईपर्यंत बावीस टी-शर्ट. प्रत्येक आवाजाला तिची सुई बोटात घुसायची आणि ती दिपालीच्या नावानं एक शिवी तोंडातल्या तोंडात गिळायची. लाइट गेली की मात्र तिला बरं वाटायचं. पंखा बंद, घामानं अंग चिकट, पण पलीकडचं मशीनही गप्प.

"सुईला लाइट लागत न्हाई," ती भिंतीकडं तोंड करून मोठ्यानं म्हणायची.

बद्रीनाथ बाजेवरून म्हणायचा, "काय तरी जळतंय बघ. गॅसवर दूध हाय का?"

"न्हाई."

"मग दुसरंच काय तरी जळतंय."

हा माणूस दिवसभर दुसऱ्याच्या दुधातलं पाणी ओळखतो. बायकोच्या पोटातलं तर त्याला न बघताच कळायचं.

दिपाली वाईट नव्हती, हा तर मोठाच वैताग होता. वाईट असती तर वनमालाला भांडता आलं असतं. ती सकाळी भिंतीवरून डोकावून "काकू, चहा घेतला का?" विचारायची. नव्या लाळेऱ्याची शिवण उसवली की दाखवायला आणायची. "काकू, तुमच्या हाताची सर न्हाई येत," म्हणायची. वनमालाला ते खरं माहीत होतं, म्हणून जास्तच झोंबायचं. एवढं खरं बोलायची या पोरीला गरज काय?

यंदा अर्जुनरावांच्या घरात पोरगी झाली. अर्जुनराव म्हणजे वडगावातली मोठी जमीन, मोठा वाद आणि मोठा आवाज. त्यांच्या घरात पोटची लेक मंगल हिच्यानंतर तीस वर्षांनी पोरगी जन्मली होती. सून स्वप्ना सव्वा महिन्यानं माहेराहून लेकराला घेऊन आली आणि बारसं इथंच, अख्खं गाव बोलावून करायचं ठरलं. मंगल गेवराईला दिलेली. नाव तिनं काढलं होतं आणि कुणाला सांगायचं नाही अशी भावाला आणि वहिनीला शपथ घातली होती. चौथं माणूस फक्त दिपाली, कारण चाळीस टी-शर्ट तिच्याकडं छापायला होते. नाव तिला मंगलनं स्वतः फोन करून सांगितलं आणि बजावलं, "तुझ्या नवऱ्याला बी कळू देऊ नको."

वनमालाला वाटलं, एवढं मोठं बारसं, पाट तर आपलाच. तिनं छबुबाईचं लुगडं मागवलं. छबुबाई म्हणजे अर्जुनरावांची आई, दोन वर्षांपूर्वी गेलेली. आतून त्या लुगड्याचं अस्तर लावून तिनं अशी कुंची शिवली की बद्रीनाथसुद्धा हात पुसून मग हात लावू लागला.

तीन दिवस राहिले असताना स्वप्नाचा निरोप आला. निरोप घेऊन आलेली कामवाली दारातच उभी राहून पाठ केल्यासारखी बोलली, "वहिनी म्हणल्या, कुंची द्या, पण त्या दिवशी बसून नाव शिवायचं राहू द्या. नाव टी-शर्टवर हाय. सगळ्यांनी एकदम टी-शर्ट घालून फोटो काढायचाय, त्यात उशीर नको."

"उशीर?" वनमाला म्हणाली. "मी उशीर हाय का?"

कामवालीनं खांदे उडवले आणि गेली.

त्या दुपारी वनमालानं जेवण केलं नाही. भिंतीपलीकडं टीं टीं चालू होतं. तिनं मोजलं नाही. पहिल्यांदाच मोजलं नाही, कारण चाळीसपर्यंत जाणार हे माहीतच होतं.

चारच्या सुमाराला ती धुणं काढायला मागं गेली. दोन्ही घरांच्या मध्ये एक तार आहे, अर्धी हिची, अर्धी तिची. दिपालीच्या अर्ध्यावर एक पांढरा टी-शर्ट लोंबत होता, शाईचे डाग पुसलेला, पोतेरं झालेला. त्यावर गुलाबी रंगात काही तरी वेडंवाकडं छापलेलं होतं. आता हे नीट समजून घ्या. टी-शर्टवर सुलटं यायचं असेल तर कागदावर नाव उलटं छापावं लागतं, आरशात दिसतं तसं. दिपाली एकदा ते उलटं करायला विसरली आणि टी-शर्टवरच उलटं नाव उमटलं. तो वाया गेला म्हणून तिनं मशीन पुसायला घेतला आणि धुऊन वाळत घातला. कुणाला वाचता येणार होतं? गल्लीतल्या एका शहाण्यानं तर विचारलंही होतं, "काय बे, दिपालीवहिनी उर्दू छापाया लागल्या का?"

पण वनमालाची पंचवीस वर्षं कापडाच्या मागच्या बाजूला गेली होती. गाठ मागं मारायची, दोरा मागं फिरवायचा, अक्षर चुकलं का ते मागून बघायचं. तिला उलटं अक्षर सुलट्याहून जवळचं. तिनं तारेवरचं धुणं खांद्यावर टाकलं, एकदा नजर फिरवली, आणि वाचलं.

'आरोही. आत्याची लाडकी.'

ती तिथंच उभी राहिली. आत्याच्या आधी नाव कळलं म्हणून तिला आनंद झाला असेल असं वाटतं ना? नाही झाला. तिला असं वाटलं, की आपल्या ताटातलं आपल्यालाच दुसरीच्या उष्ट्यातून उचलावं लागतंय.

दुसऱ्या दिवशी ती पिठाच्या गिरणीवर गेली. गिरणीवर बायनाबाई होती. बायनाबाईला काही सांगायचं म्हणजे गावात दवंडी द्यायचा खर्च वाचतो, हे वनमालाला चांगलं माहीत होतं. नंतर तिनं स्वतःला दहा वेळा बजावलं, की तोंडातून सहज निघालं. सहज काही नव्हतं. घरून निघताना डब्यात जेमतेम दोन शेर ज्वारी होती, आणि घरात पीठ भरलेलं होतं.

"आरोही नाव आता लई झालंय न्हाई का, बायनाबाई?" ती पिठाकडं बघत म्हणाली. "दर दोन घरांत एक."

"कुणाचं ठेवलं आरोही?"

"कुणाचं न्हाई. मी आपलं म्हणलं."

"आपलं म्हणलं म्हणजे?" बायनाबाईनं डबा खाली ठेवला. "वनमाला, परवा बारसं कुणाचं हाय? मायव! अर्जुनरावांच्या पोरीचं आरोही? तुला कुठून कळलं?"

"मला काय कळतंय? नाव तर दिपालीपाशी असतंय."

हे शेवटचं वाक्य. पुढं ज्वारी दळून झाली, पण गाव त्याच वाक्यावर दळत बसलं.

बारशाच्या दिवशी अंगणात मांडव, पाळण्याला झेंडूच्या माळा, घुगऱ्यांची पातेली. दिपाली नवी साडी नेसून, दोन खोकी कडेला ठेवून उभी होती. खोक्यांत चाळीस टी-शर्ट. वनमालालाही आमंत्रण होतं, पण पाट नव्हता. ती बायकांत मागं बसली, कुंचीची पिशवी मांडीवर. सुईदोरा घेऊन यायला कुणी सांगितलं नव्हतं. तिनं आणला होता. काठावरची चार बोटंही तिनं कोरीच ठेवली होती.

दहाच्या सुमाराला मंगलची गाडी आली. मंगल उतरली ती चप्पल न काढता तडक खोक्यांपाशी गेली.

"दिपाली तूच का?"

"हो, ताई. या. प्रवास कसा..."

"प्रवासाचं सोड. गेवराईच्या स्टँडवर चहाला थांबले, तर आपल्या गावची सासुरवाशीण भेटली. मला म्हणती, 'आरोहीच्या बारशाला निघालीस का, ताई?' माझ्या भाचीचं नाव, मी काढलेलं, अजून पाळण्यात सांगितलं न्हाई, आणि मी ते बसस्टँडवर ऐकावं?"

दिपाली पुढं झाली.

"ताई, माझ्या लेकराची शपथ, मी कुणाला..."

"मग कुणी? माझा भाऊ सांगंल? वहिनी सांगंल? पाळण्यातलं लेकरू उठून सांगंल?"

एक-दोन बाया हसल्या. दिपालीचा चेहरा पिठासारखा झाला. ती म्हणाली, "ताई, एक टी-शर्ट वाया गेलता. पण तो उलटा छापलेला. तो कुणाला वाचता येत न्हाई."

"म्हणजे नाव बाहेर टाकलं व्हतंसच की! पोतेऱ्यावर!" मंगलनं खोक्याला पाय लावला, लाथ नाही म्हणता येणार, पण खोकं सरकलं. "न्हे हे परत. माझ्या भाचीच्या नावानं तू मशीन पुसलंस."

मग तिनं बायकांत नजर फिरवली. "वनमालाकाकू कुठं हायत? काकू, सुईदोरा आणलाय का?"

"आणलाय," वनमाला म्हणाली. तिला आपलाच आवाज आवडला नाही, इतका तो लगेच आला.

"मग या फुडं. पाट टाका रे काकूंना."

पाट आला. वनमाला पाळण्याशेजारी बसली. पाच बायकांनी लेकरू पाळण्याच्या वरून-खालून फिरवलं आणि आत ठेवलं. मंगल वाकली. कानात कुर्रर्र झालं. बुक्क्या पडल्या, पण हळूच, आज तिला जोरात मारायची कुणाची हिंमत नव्हती. मग ती सरळ झाली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आरोही न्हाई. छबू. आज्जीचं नाव."

स्वप्नाच्या तोंडावर काय होतं ते सांगायला नको. तिनं महिनाभर आरोही आरोही घोळवलं होतं. पण अर्जुनरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांच्या आईचं नाव. आता घरातल्या कुणाची बिशाद होती नको म्हणायची? चाळीस टी-शर्ट खोक्यात तसेच राहिले. सगळ्यांची नजर वनमालाच्या हाताकडं वळली.

हेच हवं होतं ना तिला? अख्खं गाव, घड्याळ बघणारे पुढारी, थांबलेली पंगत. तिनं 'छ' शिवायला घेतला. 'छ' अवघड. त्याचं पोट गोल राहिलं पाहिजे. पहिल्या फेरीत ते चपटं झालं, उसवावं लागलं. तिच्या हातानं पंचवीस वर्षांत असं केलं नव्हतं. समोर दिपाली कडेला एकटी उभी होती. कुणी तरी तिच्या हातात घुगऱ्यांचं ताट दिलं होतं, आणि तिच्या हातून कुणी घेत नव्हतं. तरी वनमालाच्या मनात आलं काय? हिची साडी किती चांगली आहे. पाटावर बसून, मान मिळवून, त्या हरलेल्या पोरीच्या साडीचा तिला हेवा वाटला. असं असतं ते.

शेवटची गाठ मारायला तिनं कुंची पालथी केली. मागची बाजू वर आली, उलटी अक्षरं. तेवढ्यात तिनं मान वर केली. दिपालीचे ओठ हलत होते. सात हातांवरून ती पोरगी उलटं 'छबू' वाचत होती. तिचं मशीन तिला रोज तेच शिकवत होतं.

दिपालीनं कुंचीकडं बघितलं, मग वनमालाकडं. तिला कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवरून डोकं आलं. चहाचं विचारलं नाही.

"काकू, उलटं वाचणाऱ्या वडगावात दोघीच दिसतो आपण."

वनमाला तांदूळ निवडत होती. खडे ताटात टाकत होती आणि तांदूळ बाहेर. "मला काय ठावं?"

"कावून केलं तुमी असं?"

"काय केलं?"

दिपाली म्हणाली, "मी कुणाला सांगणार न्हाई. सांगितलं तर लोक म्हणतील, आपलं पाप म्हातारीवर ढकलती."

डोकं खाली गेलं. वनमाला चारदा स्वतःशी म्हणाली, "म्हातारी?" त्या दिवशी तिला सगळ्यांत जास्त तेच लागलं. पाप नाही, म्हातारी.

त्यानंतर पलीकडचं टीं टीं कमी होत गेलं. दिपालीपाशी नाव टिकत नाही, हे आता वडगावच्या बाहेरही गेलं. एकानं छापायला दिलेले वीस टी-शर्ट परत मागवले. कुणी फोटो काढायला थांबेना. आणि वनमालाच्या दारात माणसं. धर्मापुरीहून एक बाई दोन बस बदलून आली, "तुमी बारशात बसून नाव शिवता म्हणं, आमच्याकडं येता का?" वनमालाला नाही म्हणायला वेळ नव्हता, इतकं काम. सुई बोटात घुसायची बंद झाली. ऐकायचं काही राहिलं नव्हतं. लाइट असली काय आणि गेली काय, भिंत सारखीच गप्प.

सुखात राहायला काय हरकत होती? पण जळणाऱ्याला जळायला काही तरी लागतं. एका संध्याकाळी बद्रीनाथ डेअरीवरून आला आणि पाय धुता धुता म्हणाला, "ती दिपाली लई मोठ्या मनाची पोरगी हाय. एवढा आळ आला, पण कुणाकडं बोट दाखवलं न्हाई. डेअरीवर बी लोक म्हणत व्हते."

"कोण म्हणत व्हतं?"

"सगळेच."

वनमालाला पाटावर बसून कधी कुणी मोठ्या मनाची म्हणालं नव्हतं. हात चांगला, नजर चांगली, कुंची चांगली, सगळं ऐकलं होतं. हे नाही. आणि ही कालची पोरगी नुसतं गप्प बसून ते घेऊन गेली. तेही वनमालानंच तिला दिलेलं. आता तिच्या गप्प बसण्याचासुद्धा हेवा. रात्रभर नाही, पण जेवण होईपर्यंत ती तळमळली. मग उठून म्हणाली, "उद्या गिरणीवर जाते."

"पीठ हाय की."

"पिठाला न्हाई जात."

पश्चात्तापानं गेली असं म्हणून तिला देवघरात बसवू नका. अर्धा पश्चात्ताप, अर्धा हेवा. पण गेली.

गिरणीवर बायनाबाई होती, आणखी चार बाया होत्या. वनमालानं डबासुद्धा नेला नव्हता. उभ्या उभ्या म्हणाली, "आरोहीचं नाव मी फोडलं. दिपालीनं न्हाई. तारेवरचा उलटा टी-शर्ट मी वाचला आणि इथं येऊन बोलले. मुद्दाम बोलले."

गिरणीचा पट्टा फिरत राहिला. बायनाबाई हळूच हसली. "वनमाला, कावून खोटं बोलती बाई? त्या पोरीचा धंदा बसला म्हणून?"

"खोटं न्हाई! तुझ्याच कानात घातलं व्हतं मी!"

"माझ्या कानात? तू तर म्हणलीस, मला काय कळतंय, नाव दिपालीपाशी असतंय. मला चांगलं ध्यानात हाय."

"उलटं कुणाला वाचता येतंय का?" दुसरी म्हणाली.

वनमालाचं डोकं फिरलं. तिनं समोरची गव्हाची पिशवी ओढली, तिची आतली बाजू बाहेर काढली आणि पुसटशी उलटी अक्षरं खडाखडा वाचून दाखवली. एक म्हणाली, "ती पिशवी रोजचीच हाय, काकू. मला बी पाठ हाय."

दुपारपर्यंत गावभर झालं. काय झालं? वनमालाला बघा, दुसरीचा आळ अंगावर घेते. असं मन पाहिजे. तिनं गेवराईला मंगलला फोन केला, तर मंगल म्हणाली, "काकू, तुमी त्या पोरीसाठी एवढं करता. पण आमी खुळे न्हाई." फोन ठेवल्यावर वनमालानं तो पोत्यावर आपटला. जे नाव मिळावं म्हणून ती जळत होती, ते नाव तिला मिळालं, आणि तेही दिपालीचंच उचललेलं.

मग ती भिंतीशी गेली. पहिल्यांदाच तिनं आपणहून डोकं वर काढलं. "दिपाली. सांगून आले. कुणी ऐकंना."

दिपाली मशीनवर कापड झाकत होती. "ऐकलं मी. आता तुमाला दोन्हीकडून मान हाय, काकू. शिवायचा बी आणि सोसायचा बी."

"मग काय करू? पाया पडू तुझ्या?"

"पाया पडून माझं काय भागतंय?" दिपालीनं झाकलेल्या मशीनवर हात ठेवला. "माझं नाव उलटं छापलंय तुमी. ते सुलटं करून द्या. कसं करायचं ते तुमचं तुमी बघा."

पुढं वनमाला दोन बारशांत पाटावर बसली आणि सुईत दोरा ओवायच्या आधी सगळ्यांसमोर हेच सांगितलं. एका ठिकाणी टाळ्या वाजल्या. टाळ्या! दुसऱ्या ठिकाणी म्हातारीनं तिच्यावरून हात ओवाळून कडाकडा बोटं मोडली. तिसऱ्याला ती गेलीच नाही. तिनं हे सगळं, साडीचा हेवा धरून आणि दोन शेर ज्वारीचा डबा धरून, एक अक्षर न गाळता मला सांगितलं आणि लिहून काढायला लावलं. म्हणाली, तोंडाचं कुणी ऐकत नाही, छापलेलं तरी वाचतील. तिच्या तोंडून छापलेल्याची ही पहिली स्तुती.

पोरगी आता रांगते. कागदावर स्वप्नानं आरोहीच लावलंय, घरात छबू म्हटलं की बघते. तिला दोन्ही नावांचं काही पडलेलं नाही. पण दिपालीला एकच नाव आहे, आणि ते अजून सरळ झालेलं नाही.

तेव्हा तुम्हाला एवढंच सांगायचं आहे. केजच्या बाजारात, गेवराईच्या स्टँडवर, डेअरीवर, कुठंही कुणी म्हणालं की वडगावच्या दिपालीपाशी नाव टिकत नाही, तर त्याला तिथंच अडवा आणि सांगा: नाव वनमालानं फोडलं. तो म्हणेल, किती मोठ्या मनाची बाई. तेव्हा गप्प बसू नका. पुन्हा सांगा.